एका रकान्यासाठी उघडलेल्या पेट्या

सन २०२३च्या सप्टेंबर महिन्यात महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली आणि मराठवाड्यातील ज्या मराठा कुटुंबांच्या जुन्या कागदांत 'कुणबी' अशी नोंद आढळेल त्यांना तसा दाखला देण्याची कार्यपद्धती ठरविण्याचे काम तिच्याकडे सोपविले, तेव्हा पुराव्यादाखल काय काय चालेल याची जी यादी प्रसिद्ध झाली तीत निजामकालीन महसुली नोंदी होत्या, वंशावळी होत्या, शाळेचे दाखले होते, करारमदार होते आणि संस्थानिकांनी दिलेल्या सनदाही होत्या. बीड जिल्ह्यातील कोणत्याही जुन्या वाड्यातल्या शिसवी पेटीत साधारणपणे जे सापडते त्याची याहून नेमकी यादी एखाद्या दप्तरदारालाही करता आली नसती. पिढ्यान्‌पिढ्या माळवदाखाली, देवघराच्या मागच्या काळोख्या खोलीत, वाळवी आणि कसर यांच्या स्वाधीन केलेली बोचकी त्यानंतर गावोगाव खाली उतरली. ज्यांच्या आजोबांचे मोडी अक्षर घरात कोणासही लागत नव्हते ते लोक मोडी वाचणाऱ्याच्या दाराशी जाऊन बसू लागले. आणि फारसी-उर्दू जाणणाऱ्या वयोवृद्ध मौलवींना व निवृत्त कारकुनांना, पुष्कळ वर्षांनी, कोणीतरी कामासाठी बोलावू लागले.

या साऱ्या खटाटोपाच्या राजकीय बऱ्यावाईटाविषयी येथे काही लिहावयाचे नाही. लक्षात राहण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. एवढ्या पेट्या उघडल्या त्या जातीच्या एका रकान्यासाठी उघडल्या. तो शब्द सापडला तर त्या कागदाची छायाप्रत निघाली, साक्षांकित झाली, तहसिलीत गेली. न सापडला तर कागद होता तसा घडी करून ठेवला गेला. आणि दोन्ही परिस्थितींत त्या रकान्याच्या आजूबाजूला जो मजकूर होता, म्हणजे ज्याने तो कागद लिहिला त्याचा दिवस, त्याचे देणेघेणे, त्याची चिंता, त्याकडे पाहण्यास कोणास सवड झाली नाही. याबद्दल त्या कुटुंबांना दोष देणे अन्यायाचे होईल, कारण थोर थोर संशोधकांनीही घरगुती कागदांशी याहून फारसा निराळा व्यवहार केलेला नाही. कागद नेहमी कोणत्या ना कोणत्या प्रयोजनाने उघडला जातो, आणि ते प्रयोजन वाचणाऱ्याचे असते. बीडच्या कागदांची हकीकत त्या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. तीत पोथी आहे, लढाई आहे, तुरुंग आहे आणि ऊसही आहे.

प्रथम त्या पेटीत काय असते ते थोडे निरखून पाहू. वरचा रुमाल सोडला की आत लांबट घड्या घातलेले कागद निघतात. त्यांतील जुने बहुधा हातकागदावर लिहिलेले असतात, आणि हा कागद फार दुरून आलेला असण्याचे कारण नाही, कारण दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात कागद करणाऱ्यांची वस्ती शतकानुशतके होती आणि तेथला घोटीव, किंचित पिवळसर, टिकाऊ कागद दक्षिणेत सर्वत्र खपत असे. घडी उलगडताना कधी कधी बारीक वाळूचे कण खाली पडतात. टीपकागद येण्यापूर्वी ओली शाई सुकविण्यासाठी लिहून झालेल्या ओळींवर वाळू भुरभुरीत, आणि नंतर ती झटकून टाकीत. पण घडीच्या खाचेत जी अडकली ती दीडदोनशे वर्षे तेथेच राहिलेली असते. मोडी लिहिणारा प्रथम पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक आडवी रेघ ओढून घेतो आणि मग बोरू फारसा न उचलता त्या रेघेखाली अक्षरे टांगीत जातो. त्यामुळे शब्द कोठे संपला हे रेघ सांगत नाही, ते वाचणाऱ्याने अर्थावरून ओळखावयाचे असते. तारखेचा गोंधळ त्याहून मोठा. हैदराबाद संस्थानात सरकारी व्यवहार फसली सनावर चाले, ज्यात ५९० मिळविले की इसवी सन बसतो, आणि आजूर, दै, बहमन, अस्फंदार अशा इराणी नावांचे महिने कागदावर येत. घरातला ब्राह्मण शके व तिथी लिही. काझीच्या कचेरीतून आलेल्या कागदावर हिजरी सन असे. एकाच पेटीत हे तिन्ही काळ शेजारी शेजारी नांदतात, आणि त्यांचा मेळ घालता घालता चांगल्या जाणत्याचीही दमछाक होते.

लिपीचीही अशीच तीन पिढ्यांची कथा आहे. पणजोबा मोडीत कीर्द लिहीत. दरबारी भाषा फारसीची उर्दू झाली आणि पुढे १९१८ साली उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे निघाले, तेव्हा नोकरीची आशा असलेल्या आजोबांनी उर्दू शिकून घेतली. आणि १९४८ नंतर शाळेत गेलेला नातू बालबोध तेवढी जाणतो. म्हणजे बाप जे लिही ते मुलाला पुरते लागत नाही आणि आजा जे लिही ते नातवाला मुळीच लागत नाही, असा प्रकार सबंध एका प्रांताच्या बाबतीत घडला. पश्चिम महाराष्ट्रातही मोडी गेली, पण तेथे तिच्या जागी एकच लिपी आली. बीडमध्ये कुलूप बदलले ते दोनदा.

आणि या पेटीत रोजनिशी असते काय? इंग्रजी वळणाची, मनातले सांगणारी, सहसा नसते. असते ती रोजकीर्द. एका अंगाला जमा, दुसऱ्या अंगाला नावे, वर 'श्री', खाली मिती. पण जो थोडे थांबून वाचील त्याला हीच रोजनिशी आहे असे कळून येते. सुईणीला लुगडे दिले, म्हणजे घरात मूल जन्मले. पुढल्या महिन्यात वैद्याच्या नावे रक्कम पडली, आणि त्यानंतर गोवऱ्यालाकडाचा खर्च लिहिला, म्हणजे ते मूल किंवा त्याची आई राहिली नाही. माहेरवाशिणीच्या चोळीखणाचा खर्च एका वर्षी येतो आणि पुढे येत नाही. वंशावळीत त्या बाईचे नाव नसतेच, कारण वंशावळ पुरुषांची असते. तिचा जो काही कागदी पुरावा उरला तो या खर्चाच्या बाजूला उरला. आमच्याकडील स्त्रियांच्या रोजनिशा नाहीत म्हणून हळहळणाऱ्यांनी कीर्दीच्या नावे बाजूकडे जरा अधिक आदराने पाहावे, असे प्रस्तुत लेखकाला पुष्कळदा वाटते.

बीडच्या कागदांपैकी सर्वांत प्रसिद्धीस आलेला कागद मात्र कीर्द नव्हती. ती पोथी होती. बीड शहरात पाटांगण म्हणून जे स्थान आहे तेथे इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी प्रत मिळाली. पैठणच्या एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला हे सर्वश्रुत आहे. हाती आलेली प्रत त्याच्याही पूर्वीची आहे असे राजवाड्यांचे मत झाले, आणि त्या प्रतीवरून त्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरी छापली. त्याच वेळी तिच्या भाषेचे व्याकरणही सिद्ध केले. प्राचीन मराठीच्या अभ्यासाला या दोन कृतींनी जे वळण लावले त्याचा विचार आजही चालतो. राजवाड्यांची संहिता पुढे शासनानेही पुन्हा छापली. परंतु ज्या पोथीवर एवढी इमारत उभी राहिली ती मूळ पोथी नंतरच्या अभ्यासकांना पाहावयास मिळाली नाही. राजवाड्यांनी कोणत्याशा संतापाच्या भरात ती नाहीशी केली अशी आख्यायिका आहे. त्यांच्या स्वभावाच्या आख्यायिका पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या सगळ्याच खोट्या असतील असेही नाही. ते काही असो. पोथी गेली, आणि तिच्याबरोबर तिचा कागद, तिचे अक्षर, समासांत कोणी काही लिहिले असल्यास ते, ती कोणाच्या पूजेत होती आणि कोणी कोणाला दिली याची काही खूण असल्यास ती, हे सारे गेले. राजवाड्यांना भाषा हवी होती. भाषा त्यांनी काढून घेतली आणि आपल्या हाती दिली. या उपकाराचे मोल कमी करण्याचा उद्देश नाही. पण पाटांगणाचे काय उरले, असा प्रश्न एखाद्या बीडकराने केला तर त्याला उत्तर देणे कठीण आहे.

आश्चर्य असे की हेच राजवाडे घरोघरच्या कागदांचे महाराष्ट्रातील सर्वांत मोठे त्राते होत. १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने त्यांनी बावीस खंड काढले, ते वाण्याच्या पुड्यांत जाऊ घातलेले आणि वाळवीने अर्धे खाल्लेले कागद गावोगाव पायपीट करून गोळा केले म्हणून काढता आले. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली ती त्यांच्याच पुढाकाराने. १९२६च्या अखेरीस धुळ्यास ते वारले, आणि लगोलग पुढच्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहून त्यांचे स्वतःचे टिपणांचे व कागदांचे भांडार त्यात आले. दुसऱ्याचे दप्तर जन्मभर सोडविणाऱ्या माणसाचे दप्तर अशा रीतीने सुखरूप राहिले.

पाटांगणापासून अंबाजोगाईस यावे. निजामाच्या काळी तिला मोमिनाबाद म्हणत. येथे दासोपंतांचे, म्हणजे शके १४७३ मध्ये जन्मलेल्या आणि १६१५ साली येथेच समाधिस्थ झालेल्या त्या विलक्षण ग्रंथकाराचे, वंशज आहेत. थोरले देवघर आणि धाकटे देवघर अशा त्यांच्या दोन शाखा आहेत, आणि ही नावेच सांगतात की येथे ग्रंथालय म्हणून काही नसून जे आहे ते देवघर आहे. दासोपंतांची घरची कथा जुन्या महसुली कारभाराचा एक दाखलाच आहे. वडील दिगंबरपंत हे देशपांडे. दुष्काळात सारा थकला. बेदरच्या सुलतानाने मुलास ओलीस ठेवून घेतले आणि मुदतीत पैसा न आल्यास बाटविण्याची धमकी घातली. तेव्हा दत्तात्रेयाने महाराचा वेष घेऊन रक्कम भरली, अशी श्रद्धा आहे. पुढे या मनुष्याने इतके लिहिले की रोज एका ढब्बू पैशाची शाई त्याला लागे असे सांगतात. एकट्या 'गीतार्णवा'ची ओवीसंख्या परंपरेने सव्वा लाख सांगितली जाते. कागद पुरेना म्हणून म्हणा की अन्य काही कारणाने म्हणा, त्यांनी 'पंचीकरण' लांबच लांब जाड्या कापडावर, पासोडीवर, लिहिले. आणि ती पासोडी अंबाजोगाईतच राहिली आहे.

चारशे वर्षे एका घराण्याने कापडावरचा मजकूर जपला याचे कारण त्यांना वेदान्ताच्या इतिहासाची काळजी होती हे नव्हे, तो मजकूर त्यांना पूज्य होता हे होय. ज्याला गंधाक्षता वाहावयाची ती वस्तू वाण्याकडे जात नाही आणि वाटणीत तिचे तुकडेही होत नाहीत. देवघर हे आमच्याकडील सर्वांत जुने अभिलेखागार, आणि त्याचे नियम आधुनिक अभिलेखागारांपेक्षा कडक: ठरलेल्या दिवशी दर्शन, शिवाशिवीचे बंधन, आणि बाहेर नेण्यास सक्त मनाई. संशोधकांना या बंधनांचा पुष्कळ ताप झाला आहे. परंतु पाटांगणची पोथी बाहेर पडली आणि नाहीशी झाली, आणि दासोपंतांची पासोडी घरात राहिली आणि टिकली, ही दोन उदाहरणे एकाच जिल्ह्यात पन्नासपाऊणशे मैलांच्या आत असल्यामुळे, कागद देण्यास कां-कू करणाऱ्या वृद्ध वारसाला अडाणी म्हणून मोकळे होणे निदान बीडमध्ये तरी शोभत नाही. मात्र देवघरालाही आपले प्रयोजन असते. ते ग्रंथ जपते. ग्रंथकर्त्याचा घरखर्च, त्याच्या शिष्यांची पत्रे, इनामाचे तंटे यांना गंधाक्षता नाहीत, आणि ते कागद तितक्या निष्ठेने जपले जात नाहीत.

सरकारी कागदांची गंमत याच्या उलट आहे. आज आपण सरकारी आणि खासगी असा भेद सहज करतो. निजामाच्या राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत राज्याचे महसुली दप्तरच दोन घराण्यांच्या हाती होते, एक रायरायान या पदवीचे महाराष्ट्रीय ब्राह्मण घराणे आणि दुसरे मालवाले कायस्थ, आणि हे दप्तरदार दप्तरे आपापल्या हवेलीत ठेवीत. दिवाणाला एखाद्या परगण्याचा आकार पाहावयाचा तर दप्तरदाराची मर्जी सांभाळावी लागे. दिवाण पहिले सालारजंग यांनी हा प्रकार मोडला. १८६५ साली जिल्हाबंदी करून देशमुख-देशपांड्यांची वसुली काढून घेतली आणि त्यांना रोख रुसूम बांधून दिला. तेव्हापासून या वतनदारांच्या घरातील कागद एका रात्रीत निरुपयोगी झाले. कारभाराचे साधन होते ते मानाचे स्मारक झाले. गावपातळीवर मात्र पटवाऱ्याचे दप्तर पटवाऱ्याच्या घरातच राहिले, आणि ज्या नोंदींचा शोध आज चालला आहे त्यांतल्या कित्येकांचा मुक्काम अशा घरांत पिढ्यान्‌पिढ्या होता. मोगली काळातील दख्खनच्या लष्करी व महसुली कागदांचा एक प्रचंड संग्रह इनायतजंग या हैदराबादी उमरावाच्या नावाने आता दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. तोही एका घरातूनच तेथे आला. बादशाही कागद उमरावाच्या घरात आणि उमरावाच्या घरचा कागद प्रजासत्ताकाच्या राजधानीत, असा हा प्रवास आहे.

बीड जिल्ह्यात घडलेली सर्वांत मोठी लढाई कोठे वाचावयास मिळते? गेवराई तालुक्यात गोदावरीच्या दक्षिण तीरावर राक्षसभुवन आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी येथे थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामअलीच्या फौजेचा मोड केला. निजाम स्वतः बऱ्याच फौजेसह नदीपलीकडे गेला होता आणि अलीकडे राहिलेला त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर येथे पडला. या प्रसंगाची घरगुती बाजू राक्षसभुवनात मिळत नाही, ती मिरजेस मिळते. मिरजकर गोपाळराव पटवर्धन, राघोबादादांनी मिरज घेतल्यामुळे रुसून, त्या वर्षी निजामाच्या गोटात गेले होते, आणि पटवर्धन घराण्याची पत्रे लिहिण्याची व राखून ठेवण्याची शिस्त अशी काही होती की मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकविणारे वासुदेवशास्त्री खरे यांनी १८९७ पासून त्यांच्या दप्तरावर 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'चे खंडामागून खंड उभे केले. शास्त्रीबोवांनी आयुष्य त्यात घातले, पदरमोड केली, आणि आपल्याला पटवर्धनांच्या बायकामुलांपर्यंतची खबर दिली. जी फौज गोदातीरावर उतरली तिने कोणाची उभी पिके कापली, कोणत्या गावाची गंजी जाळली, याची खबर ज्यांच्याकडे असावयाची त्यांच्यापाशी वासुदेवशास्त्री नव्हते. लढाई बीडची, दप्तर मिरजेचे. इतिहास ज्याचे दप्तर त्याच्या बाजूने पाहतो, यात इतिहासकाराचा अपराध नाही.

एका नोंदीसाठी घरचा कागद नावाजला गेल्याचे सर्वांत ठळक उदाहरण भोरजवळच्या कारी गावचे. तेथील जेधे देशमुखांच्या घरी एक शकावली होती: साल, मिती, घटना, अशी कोरडी टाचणे. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली प्रसिद्धीस आणली, आणि तीत शिवाजीमहाराजांचा जन्म शके १५५१च्या फाल्गुन वद्य तृतीयेचा दिलेला असल्यामुळे तीवरून जो वाद सुरू झाला तो पुढे पाऊणशे वर्षांहून अधिक चालला. आज १९ फेब्रुवारी ही तारीख शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. ती ज्या कागदामुळे स्थिर झाली त्यात जेध्यांनी आपल्या घराचे जे काही टिपून ठेवले होते, ते किती जणांना ठाऊक आहे? कान्होजी जेध्यांच्या घराण्याचा 'करीना' त्याच घरातला. तो वाचणारे त्याहून थोडे.

ज्या अर्थाने आज आपण रोजनिशी म्हणतो तशी, दिवसामागून दिवस, तपामागून तप लिहिणारा मराठी गृहस्थ पाहावयाचा असेल तर अमरावतीचे दादासाहेब खापर्डे घ्यावेत. १८५४ ते १९३८ असे त्यांचे आयुष्य. वकिली भरघोस, राजकारण टिळकपक्षाचे, आणि रोजनिशी इंग्रजीत. टिळकांना १९०८ साली शिक्षा झाल्यावर प्रिव्ही कौन्सिलातील अपिलासाठी ते विलायतेस गेले, आणि परत आल्यानंतर १९१० व १९११-१२ साली शिर्डीस जाऊन राहिले. त्यांच्या रोजनिशांच्या वह्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. आता गंमत पाहावी: सामान्य वाचकांत त्या वह्यांतला जो भाग सर्वत्र पोचला तो शिर्डीच्या मुक्कामाचा, कारण भक्तांना साईबाबा पाहिजे आहेत, इतिहासाचे विद्यार्थी टिळकांचा शोध घेत त्या चाळतात, आणि ज्याने रोज रात्री, प्रवासात, आजारात, पक्षकारांच्या गर्दीतून सुटल्यावर, न चुकता ती पाने भरली तो दादासाहेब स्वतः या दोन महापुरुषांच्या मधल्या फटीत उभा आहे. दुबाशी आनंद रंगा पिळ्ळै यांचे असेच झाले. पाँडिचेरीत १७३६ ते १७६१ पर्यंत त्यांनी तमिळमध्ये रोजनिशी लिहिली, ती घरात पडून होती, १८४६ साली एका फ्रेंच अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडली, मद्रास सरकारने तिचे बारा खंड इंग्रजीत काढले. आणि आजही ती उघडली जाते ती फ्रेंच गव्हर्नर डुप्लेक्ससाठी. लंडनचा सॅम्युअल पेपिस तेवढा नशीबवान म्हणावा. त्याने १६६० ते १६६९ या काळात लघुलिपीत लिहिलेल्या वह्या केंब्रिजच्या महाविद्यालयात राहिल्या, १८२५ साली उलगडून छापल्या गेल्या, आणि लंडनच्या मोठ्या आगीसाठी त्या उघडणारे लोक त्याच्या जेवणावळी आणि भानगडी वाचता वाचता पेपिसवरच लोभ करू लागले.

पुन्हा अंबाजोगाईस येतो. १९३५ साली हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून एक संन्यासी शिक्षक मोमिनाबादेस आले आणि तेथील शाळेचे मुख्याध्यापक झाले. हे स्वामी रामानंद तीर्थ, पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उडी घेण्यासाठी त्यांनी ही शाळा सोडली, आणि पुढील दहा वर्षे तुरुंग व चळवळ यांत गेली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाचे राज्य संपले तेव्हा फसली १३५७ सरत आला होता. त्यांची कागदपत्रे दिल्लीस तीनमूर्ती भवनातील संग्रहालय-ग्रंथालयात आहेत, आणि हैदराबादच्या विलीनीकरणावर लिहिणाऱ्या देशी-परदेशी अभ्यासकांना तेथे जावे लागते. संन्याशाला घर नसते, तेव्हा घरगुती कागद कोठून असणार, असे कोणी म्हणेल. पण सार्वजनिक माणसाच्या कागदांतही त्याने ज्यांना पत्रे लिहिली आणि ज्यांनी त्याला लिहिली त्यांची घरे डोकावतात. ती पत्रे ज्या तालुक्यांतून गेली तेथल्या मुलाने ती वाचावयाची तर त्याने दिल्लीचे तिकीट काढावे, अशी आजची व्यवस्था आहे.

त्याच १९४८ सालाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांच्या धामधुमीत हिंदूंची घरे लुटली-जाळली गेली, आणि पोलीस कारवाईनंतरच्या आठवड्यांत मुसलमान कुटुंबांवर जे ओढवले त्याची चौकशी करण्यास पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती केंद्र सरकारने पाठविली. तिच्या अहवालात बीड जिल्ह्याचेही नाव आहे. तो अहवाल सरकारने कित्येक दशके प्रसिद्ध केला नाही. घर जळते तेव्हा माणसांची गणती कोणीतरी कधीतरी करतो; पेट्यांची गणती कोणी करीत नाही. बीडच्या काझी-इनामदार घराण्यांतील निकाहनामे, सनदा, उर्दू पत्रे आणि बयाजा यांतले त्या वर्षी किती गेले असेल याचा अदमास करण्याचेही साधन नाही.

हे सारे कोणी राखावे, याविषयी कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगून पुढे जाऊ, कारण त्यात रमण्यासारखे काही नाही. १९९३चा केंद्रीय अभिलेख कायदा आणि महाराष्ट्राचा २००५चा कायदा सरकारी कागदांपुरते. खासगी कागद राष्ट्रीय अभिलेखागाराला देणगीने वा खरेदीने घेता येतात, पण द्यावेत अशी सक्ती कोणावर नाही, आणि नसावीच. राज्याच्या पुराभिलेख खात्याचे मूळ १८२१ सालापर्यंत जाते. मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर आणि औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथे त्याची कार्यालये आहेत. २००३ साली केंद्राने हस्तलिखितांसाठी जे अभियान काढले त्याची व्याख्या मात्र वाचण्यासारखी आहे. पंचाहत्तर वर्षांहून जुने, हस्ताक्षरातले, शास्त्र, इतिहास किंवा सौंदर्य या दृष्टीने मोलाचे ते हस्तलिखित. आणि फर्माने, महसुली नोंदी वगैरे मात्र त्यात धरावयाचे नाहीत. त्यामुळे गणना करणारा घरी आला तर पेटीतील भागवताची पोथी यादीत चढते आणि तिच्याखालची कीर्द, जीत त्या घराची चार पिढ्यांची पोटदुखी आणि पोटभरणी लिहिलेली आहे, ती खाली ठेवली जाते. व्याख्या करणाऱ्यांना कोठे तरी रेघ ओढावी लागते हे खरे. परंतु ती नेमकी आमच्या पेटीच्या मधोमध ओढली गेली.

पेटीचीच गोष्ट आतापर्यंत चालली, आणि पेटी असण्यासाठी घर लागते, वाडा लागतो, निदान माळवद लागते. बीड जिल्ह्यातील लाखो माणसांची ओळख आज वतनाने होत नाही, ती कोयत्याने होते. दिवाळीच्या मागेपुढे शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी या डोंगरपट्ट्यातील गावे रिकामी होऊ लागतात. नवराबायकोचा जोड म्हणजे एक कोयता, अशा कोयत्यांच्या टोळ्या मुकादमाच्या मागे सांगली, कोल्हापूर, सोलापूर, थेट कर्नाटकापर्यंत उसाच्या फडात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात. निघण्यापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि ती उचल एका वहीत असते. वहीत नाव, गाव, उचलीची रक्कम, आणि तिच्यापुढे मधूनमधून कोंबलेल्या नोंदी: दवाखान्यास इतके, किराण्यास इतके, मुलीच्या लग्नास वरून इतके. टनामागे जी मजुरी पडते ती यातून वळती होते, आणि हंगाम सरला तरी उचल फिटली नसली तर बाकी पुढच्या वहीत ओढली जाते. नाव बहुधा पुरुषाचे असते. जोडातल्या बाईने निम्मा ऊस तोडला, मोळ्या डोक्यावरून वाहिल्या, तरी वहीत ती आढळते ती दवाखान्याच्या खर्चात.

ज्या अर्थाने देशपांड्यांच्या घरची कीर्द ही रोजनिशी आहे त्याच अर्थाने ही वहीही रोजनिशी आहे; फरक इतकाच की येथे लिहिणारा एक आणि जगणारे दुसरे. १९७२च्या दुष्काळानंतरच्या अर्ध्या शतकात बीडच्या कितीतरी संसारांचा जमाखर्च अशा वह्यांतून गेला आहे. त्या मोडीत नाहीत, उर्दूत नाहीत. साध्या बालबोधीत, दुकानात मिळणाऱ्या रेघी वहीत, बॉलपेनने लिहिलेल्या आहेत, आणि कोणालाही वाचता येतील अशा आहेत. कारखान्याकडे करारनामा राहतो, पोलीसठाण्यात उचल बुडविल्याची किंवा डांबून ठेवल्याची फिर्याद राहते, शाळेच्या पटावर फडावर गेलेल्या पोराची गैरहजेरी राहते. वही मात्र मुकादमाच्या दिवाणाखाली राहते. आज तिच्यात डोकावण्याचे प्रयोजन दोघांनाच आहे: बाकी वसूल करावयाची आहे त्या मुकादमाला, आणि बाकीचा आकडा खोटा आहे असे वाटते त्या तोडकऱ्याला. हिशेब एकदा मिटला, किंवा मिटविण्याची आशा दोघांनी सोडली, की नव्या हंगामाला नवी वही निघते आणि जुनी रद्दीच्या भावाने जाते.